लिस्बनमध्ये परत: पहिल्या दिवशी काहीही नवीन बघायचं नाही

निळी_फरशी

आवडत्या शहरात काही वर्षांनी परत गेल्यावर पहिला दिवस कसा घालवावा, यावरून आमच्या घरात दोन तट आहेत. नवऱ्याचं म्हणणं, एवढे पैसे ओतून आलोय तर मागच्या वेळी राहिलेलं बघायला लगेच सुरुवात करावी. माझं म्हणणं, पहिल्या दिवशी नवीन काहीही बघायचं नाही. ओळखीच्या रस्त्यांवरून एक फेरी मारायची, काय जागेवर आहे, काय हललंय ते बघायचं आणि लवकर झोपायचं. यंदा नोव्हेंबरात लिस्बनला पुन्हा गेलो, तेव्हा त्याचा घसा बसला होता. त्यामुळे वाद झाला नाही आणि माझं चाललं. त्या एका दिवसाबद्दल लिहितेय. 'काय काय बघावे' अशी यादी हवी असेल तर इथे मिळणार नाही.

हट्टामागे कारण आहे. हिवाळ्यात लिस्बन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. तिथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्या अंगात रात्रीचा दीड वाजलेला असतो. पहिल्याच दिवशी संग्रहालयाचं तिकीट काढणारा माणूस आतल्या बाकावर बसल्या बसल्या घोरतो, हे मी पाहिलेलं आहे. नाव सांगत नाही. तो शेजारी बसून हे वाचतोय.

दुबईमार्गे दुपारी उतरलो. इमिग्रेशनच्या रांगेबद्दल न बोललेलं बरं. विमानतळावरून मेट्रोची लाल लाइन घ्यायची, आलामेडाला उतरून हिरवी पकडायची, मार्तिम मोनीझला बाहेर पडायचं. तिथून मोरारियाच्या चढावर आमची खोली. चाकांची बॅग त्या दगडी फरसबंदीवरून ओढत नेली की आख्ख्या गल्लीला कळतं पाहुणे आले.

सामान टाकून खाली कोपऱ्यावरच्या कॅफेत उभ्या उभ्या बिका घेतली. बिका म्हणजे तिथली छोटी कडक कॉफी. काउंटरला उभं राहून प्या. बाहेर खुर्चीत बसलात की बऱ्याच ठिकाणी तोच कप महाग पडतो. मग बेनफोर्मोझु रस्त्याने खाली. हा रस्ता बांगलादेशी दुकानदारांचा. कोथिंबिरीच्या जुड्या, भेंडी, मोबाइलची कव्हरं, हलाल मटण, पैसे पाठवायची दुकानं. मागच्या वेळेपेक्षा पाट्या वाढल्यात आणि पोलीसही जास्त दिसले. स्थलांतरितांवरून तिथलं राजकारण बरंच तापलंय, ते रस्त्यात जाणवतं.

तिथून साओ डोमिंगोसचं चर्च. लिस्बनमध्ये मी सगळ्यात आधी जाते ते इथे. बाहेरून काही विशेष नाही. आत शिरलं की पहिल्यांदा खांब दिसतात. १९५९ च्या आगीत हे चर्च आतून जळलं. नंतर छप्पर नवं घातलं, पण खांबांना हात लावला नाही. उष्णतेने दगडाचे पापुद्रे सुटलेत, कडा गेल्यात, काही ठिकाणी मूठभर दगड निखळून खोबण झालीय. वर सगळं गेरूच्या रंगाचं. भूकंपातही हे पडलं होतं, तेही १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, जेव्हा शहरभर चर्चेस भरलेली होती. बाहेरच्या चौकात १५०६ साली ज्यूंची कत्तल झाली, तिचं स्मारक आहे. त्याच चौकात १८४० पासूनचं ते झिंझीन्याचं एवढंसं दुकान. चेरीसारख्या आंबट फळाची गोड दारू, छोट्या ग्लासात, फळासकट की फळाशिवाय एवढंच विचारतात. लोक उभे राहून पितात, बिया थुंकतात, जातात. तिथली जमीन पायाला चिकटते. अजूनही चिकटते, तपासलं.

पुढे रोसिऊ आणि रेस्तावरादोरेस हे चौक. इथे पाय अडले. ग्लोरियाचा फ्युनिक्युलर म्हणजे १८८५ पासून चढावर ये-जा करणारे ते दोन पिवळे डबे. ३ सप्टेंबर २०२५ ला केबल सुटून वरचा डबा खाली आला आणि १६ माणसं गेली. बातमी आपण सगळ्यांनीच पाहिली. चढाच्या तोंडाशी उभं राहिल्यावर फक्त रिकामे रूळ. आम्ही त्यात बसून वर गेलो होतो, पोराला खिडकीशी धरून. आता शेजारच्या पायवाटेने चालत वर गेलो. नवरा म्हणाला, चढ एवढा आहे हे तेव्हा कळलंच नव्हतं.

तिथून कार्मूच्या चौकात. भूकंपात इथल्या कार्मू चर्चच्या कमानींवरचं छप्पर पडलं ते पुन्हा घातलंच नाही, त्यामुळे चर्चमध्ये उभं राहून थेट आभाळ दिसतं. पण मला आवडतो तो बाहेरचा चौक. २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान मार्सेलो कायतानो इथल्याच गार्ड मुख्यालयात लपला होता आणि बाहेर चिलखती गाड्या आणि माणसांची गर्दी. आज तिथे लोक बिअर घेऊन बसतात.

खाली बायशात, म्हणजे शहराच्या मधल्या सखल भागात, एका गल्लीत फरसबंदीचं काम चाललं होतं. आम्ही बराच वेळ तेच बघत बसलो. बुटक्या स्टुलावर बसलेला माणूस. डाव्या तळहातात चुनखडीचा पांढरा दगड, उजव्या हातात छोटी हातोडी. दगड फिरवत दोन-तीन ठोके, की चौकोनी होतो. वाळूत बसवायचा, शेजारच्याशी जुळत नसेल तर काढून आणखी एक ठोका. सिमेंट नाही. काळ्या दगडांची नक्षी असेल तिथे लाकडी साचा ठेवून कडा भरतात. हे काम शिकवायची शाळा लिस्बन महापालिकेने १९८६ मध्ये काढली. पाऊस पडला की हीच फरशी तेलकट तव्यासारखी निसरडी होते, रबरी तळव्याचे बूट न्या.

शेवटी नदी. प्रासा दु कोमेर्सिओ या चौकाच्या टोकाला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि दोन खांब. नोव्हेंबरात सव्वापाच-साडेपाचला सूर्य जातो. भाजलेल्या चेस्टनटच्या गाडीवरून पांढरा धूर. विकणारी बाई डझनावर देते, मिठात भाजलेले, वरची साल राखेने पांढरी झालेली, कागदाच्या पुडीत. तो वास लागला की लिस्बनचा नोव्हेंबर. आठच्या आत झोपलो.

तुम्ही परत गेलेल्या शहरात पहिल्या दिवशी काय करता?

---

खडूस_अण्णा

लिखाण चांगलं आहे, पण मुद्दा पटला नाही. शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, वर एजन्सीचे पैसे, विमानाचं तिकीट, आणि एवढं करून तेच चर्च, तीच कॉफी? युरोपात शहरं काय कमी आहेत? पोर्टो बघा, सेव्हिल बघा. आमच्या पिढीला एकदा जायला मिळालं तरी खूप झालं. तुमच्या यजमानांशी मी सहमत. त्यांचा घसा बरा झाला का?

---

निळी_फरशी

अण्णा, झाला. दुसऱ्याच दिवशी बेलेंला नेलं त्यांनी मला, झेरोनिमोस मठाच्या रांगेत उभं करून.

पैशाचं म्हणाल तर, दरवर्षी दापोलीला त्याच घरात उतरणाऱ्या माणसाने मला हे विचारू नये. मागच्या धाग्यात तुम्हीच लिहिलंय.

---

खडूस_अण्णा

दापोलीला व्हिसा लागत नाही.

---

डॅन्यूबतीरी

+१ निळी_फरशी. माझं हे बुडापेस्टशी आहे. पहिल्या दिवशी पेस्टच्या काठाने जाणारी २ नंबरची ट्राम, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. उतरायचं नाही. संसद, साखळी पूल, पलीकडे किल्ला, सगळं खिडकीतून सरकत जातं आणि आपण खुर्चीत. प्रवासाच्या थकव्यावर याहून बरा उपाय मला सापडलेला नाही.

फोटो कुठेत?

---

अरोइशकर

लिस्बनच्या अरोयुश भागात राहतो, आयटी, मूळ सांगली. धागा वाचून मजा वाटली आणि थोडा चिडलोही. दोन्ही लिहितो.

दिवाळीची सुट्टी संपवून नोव्हेंबरात परत आलो की माझा 'परतीचा पहिला दिवस' असा असतो. दार उघडलं की आधी ओलसर वास. न्हाणीघराच्या कोपऱ्यात आणि पलंगामागच्या भिंतीवर काळी बुरशी. इथल्या जुन्या इमारतींत हीटिंग नसतं, भिंती थंड, बाहेर समुद्राची दमट हवा. डिसेंबर-जानेवारीत घरात बसून माणूस जितका गारठतो तितका रस्त्यात गारठत नाही. मग व्हिनेगर, फडकं, डीह्युमिडिफायर लावायचा आणि त्याची टाकी संध्याकाळपर्यंत भरलेली. त्यानंतर मार्तिम मोनीझला जाऊन कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, पोहे, तूरडाळ. फ्रीज रिकामा असतो ना. हे झालं की मीही नदीवर जातो, ते कबूल.

आता चिडण्याबद्दल. लिस्बन महापालिका हद्दीची वस्ती जेमतेम साडेपाच लाख. त्यात आल्फामा-मोरारियातली किती घरं पर्यटकांना रोजच्या भाड्याने दिलेली आहेत ते दारांवरच्या पाट्यांवरून कळतं. तुम्ही ज्या चढावर राहिलात तिथे माझा एक सहकारी भाड्याने राहत होता. करार संपला, मालकाने घर पर्यटकांसाठी केलं, तो आता नदीपलीकडून रोज बोटीने येतो. २०२४ मध्ये पर्यटक कर रात्रीमागे २ युरोंवरून ४ केला. त्याने काहीही थांबलं नाही. वेब समिट या तंत्रज्ञान परिषदेच्या आठवड्यात तर खोल्यांचे भाव विचारू नका.

बाकी फरशीवाल्याचं वर्णन अगदी तसंच. आमच्या गल्लीत तो आला की दिवसभर टकटक.

---

निळी_फरशी

चिडणं मान्य. आम्ही उतरलो ते छोटं गेस्टहाउस होतं, पण त्याने फार फरक पडतो असं मीही म्हणणार नाही. त्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक आजी राहतात. मागच्या वेळी समोर आणि शेजारीही बिऱ्हाडं होती. या वेळी जिन्यात सगळीकडे कोडची कुलपं, आणि आजींच्या दाराशी तेवढी तुळशीसारखी एक कुंडी. मी मूळ धाग्यात हे लिहिलं नाही कारण काय लिहावं कळेना.

---

म्हापशेकर

ती कुंडी मांजेरिकूची असणार. बारीक पानांची, गोल छाटलेली. जूनमध्ये सांत आंतोनियुच्या सणाला लिस्बनभर विकतात. कुंडीत कागदाचं फूल आणि प्रेमाच्या चार ओळींचा झेंडा खोचलेला. नाक लावून वास घ्यायचा नाही, हात फिरवायचा आणि मग हात हुंगायचा, असा तिथला दंडक. आमच्या वहिनीने पहिल्यांदा पाहिली तेव्हा हात जोडले होते. कुळ तेच आहे म्हणा. पण नोव्हेंबरात टिकली म्हणजे आजींचा हात चांगला. ती एरवी उन्हाळा संपता संपता मरते.

आम्हा गोंयकारांचं लिस्बनशी नातं जरा वेगळं. पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना तिथलं नागरिकत्व घेता येतं, त्यामुळे आमच्या वाड्यावरची बरीच माणसं लिस्बनमार्गे पुढे लंडन-स्विंडनला गेली. कागद लिस्बनचे, पोट इंग्लंडात. आणि दुसरी माणसं १९६१ च्या आधीपासून तिथलीच. त्यांच्या घरी रविवारी शाकुती आणि बोलणं पोर्तुगीज. आंतोनियु कोश्ता, जो आधी लिस्बनचा महापौर, मग आठ वर्षं पंतप्रधान आणि २०२४ च्या डिसेंबरपासून युरोपियन कौन्सिलचा अध्यक्ष, त्याचे वडील मडगावच्या घराण्यातले. घरचं नाव बाबूश. मडगावला बाबूश म्हणून हाक मारली तर दहा जण वळून बघतील.

मी गेलो की पहिल्या दिवशी कुणाच्या तरी घरी जेवावंच लागतं, न गेल्यास राग. त्यामुळे निळी_फरशी म्हणतात तशी फेरी मला कधीच जमलेली नाही. आल्कांतराला कासा द गोवा आहे, तिथे एखादा कार्यक्रम असेल तर बघा.

---

मोडीवाचक

धागा मस्त. वाचनखूण साठवली.

माझी सुरुवात वेगळीकडून होते. ग्रासाच्या टेकडीजवळ साओ विसेंते द फोरा हा मठ आहे. ब्रागांझा घराण्याची थडगी तिथे. त्यातच एक कॅथरिन ऑफ ब्रागांझाचं. १६६१ च्या तहात जिच्या हुंड्यात मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली, ती ही. राजाने १६६८ मध्ये ती बेटं वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. नवरा वारल्यावर काही वर्षांनी कॅथरिन मायदेशी परतली आणि १७०५ मध्ये लिस्बनलाच गेली. थडगं साधं आहे. बाजूने जाणारे थांबतही नाहीत. आपल्या दादर-माहीमची पहिली मालकीणबाई म्हणून मी दोन मिनिटं उभा राहतो. मठाच्या वरच्या भागात ला फोंतेनच्या गोष्टींवरची निळी फरशीचित्रं आहेत, धागाकर्तीला तरी ती चुकवून चालणार नाही. मंगळवार-शनिवारी गेलात तर मागे जुन्या बाजारात जुनी कुलपं, पितळी घंटा, फुटक्या फरश्या असं काहीही मिळतं.

दुसरी जागा तोर्रे दु तोंबू, राष्ट्रीय दफ्तरखाना. भूकंपापर्यंत तो किल्ल्याच्या एका बुरुजात होता, नाव तिथून आलं. आता विद्यापीठाजवळ नवी इमारत आहे. गोव्याहून राजाला गेलेल्या आणि राजाकडून आलेल्या पत्रांची 'मान्सून बुकं' काही तिथे आणि काही पणजीला. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दफ्तरखान्यात बसून मराठे-पोर्तुगीज संबंधांवर आयुष्य घातलं, त्या कामाची दुसरी बाजू लिस्बनला आहे. शिवाजी महाराज, संभाजी महाराज, पुढे चिमाजी अप्पांची वसई, सगळ्याची पोर्तुगीज पत्रं. पोर्तुगीज येत नसेल तर कोरडे बसाल, हे आधीच सांगतो.

---

सोनचाफा_७

दोन प्रश्न. एक, शाकाहारी माणसाने पहिल्या दिवशी काय खायचं? दोन, मार्चमध्ये सासू-सासऱ्यांना नेतोय, दोघेही सत्तरीच्या पुढे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. धागा वाचून चढ-उताराची धास्तीच घेतली. फ्युनिक्युलर तर बंद म्हणताय.

---

निळी_फरशी

खाण्याचं: भाज्यांचं सूप जवळजवळ प्रत्येक साध्या खानावळीत असतं आणि स्वस्त. फक्त काल्दु व्हेर्दे मागवलंत तर वर सॉसेजची चकती टाकतात, 'सें शोरिसु' म्हणा. काचेच्या कपाटात सामोसा दिसेल, तिथे तो शामुसा. बघून हुरळू नका, आत बहुतेक खिमा असतो. पाश्तेल द नातात अंड्याचा बलक, तेव्हा सासूबाईंना आधी सांगा. आणि बसल्या बसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, कुणी वाईट मानत नाही.

चढाचं अरोइशकर जास्त चांगलं सांगतील.

---

अरोइशकर

सांगतो. गुडघे असतील तर लिस्बन लिफ्टने बघायचं.

बायशातून शियादोला चढू नका. बायशा-शियादो मेट्रो स्टेशनात शिरा. सरकते जिने एकामागोमाग एक वर नेतात आणि तुम्ही थेट वरच्या चौकात निघता. किल्ल्याच्या बाजूला जायचं असेल तर फांकेइरूश रस्त्यावर एका साध्या इमारतीत महापालिकेची फुकट लिफ्ट आहे. वर निघालात की थोडं चालून शांव दु लोरेरूला सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट. या दोन लिफ्टनी बराचसा डोंगर संपतो. ग्रासाचा नवा फ्युनिक्युलर २०२४ मध्ये सुरू झाला होता, पण ग्लोरियाच्या अपघातानंतर तोही तपासणीसाठी थांबवला. निघण्याआधी चौकशी करा.

२८ नंबरची ट्राम त्यांच्यासाठी नको. मार्तिम मोनीझला तासभर उभं राहावं लागतं, आत बसायला मिळेलच असं नाही आणि खिसेकापू तिथले नेमाचे. त्याऐवजी प्रासा दा फिगेराहून २५ घ्या. तीही जुन्या पिवळ्या डब्याची, गर्दी कमी.

आणि पहिल्या दिवशी दोघांना काइश दु सोद्रेहून कासील्याशची बोट. मेट्रोचंच कार्ड चालतं, बसून जायचं, दहा मिनिटांत पलीकडे. मागे वळलं की आख्खं शहर टेकड्यांसकट समोर. नदीवरच्या २५ एप्रिल पुलाचा तो घूं घूं आवाज ऐकू आला तर घाबरू नका, पुलाच्या मधल्या लेन लोखंडी जाळीच्या आहेत, त्यावरून गाड्या जातात त्याचा तो.

---

खडूस_अण्णा

हे उपयोगाचं. असं आधी लिहायला काय झालं होतं?

---

सोनचाफा_७

अरोइशकर, खूप खूप आभार! सासऱ्यांना बोटीचं सांगितलं, ते लगेच तयार. मार्चमध्ये पाऊस असतो का? आणि तिकडे काही आणायचंय का तुमच्यासाठी?

---

अरोइशकर

मार्चमध्ये सरी येतात-जातात, छत्रीपेक्षा टोपीचं जर्किन बरं, वाऱ्याने छत्री उलटते.

आणताय तर थालीपिठाची भाजणी आणा, अर्धा किलो पुरे. व्यक्तिगत निरोप करतो.